गाळलेला आवाज

वसई-विरारकडे जुने घर पाडून इमारत उभी राहायची असते, तेव्हा माळ्यावरच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे काय करायचे, हा प्रश्न येतोच. हल्ली उत्तरही ठरलेले असते : एमपी३ करून घ्या आणि तबकड्या भंगारात द्या. हे उत्तर धोक्याचे का, हे कळायला एमपी३ काय गाळते आणि ते कोणाच्या कानांनी ठरवले, हे पाहायला हवे.

सीडीवर दर सेकंदाला सुमारे १४ लाख ११ हजार बिट असतात; १२८ किलोबिटच्या एमपी३त त्यांचा जेमतेम अकरावा हिस्सा उरतो. मोठ्या आवाजाच्या सावलीतला बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून त्याच्यावर बिट खर्चायचे नाहीत, हे गाळणीचे तत्त्व. पण सावली कुठवर पडते, हे नुसत्या गणिताने सुटत नाही. माणसे बसवून ऐकवावे लागते. स्वीडिश रेडिओने १९९० आणि १९९१ साली स्टॉकहोमला अशा चाचण्या घेतल्या. नमुन्यांत सुझान व्हेगा, ट्रेसी चॅपमन, ग्लॉकेनश्पील, कॅस्टनेट असे आवाज होते. तंबोरा नव्हता.

यात कोणाचा कट नव्हता, आणि नमुने कच्चेही नव्हते. कॅस्टनेट म्हणजे आपल्या चिपळीची स्पॅनिश बहीणच. एमपी३ आवाजाचे साधारण २६ मिलिसेकंदांचे तुकडे पाडते. गाळताना झालेला खरखराट त्या तुकडाभर पसरतो. टाळी पडल्यानंतरचा खरखराट कान झाकून घेतो, आधीचा मात्र फारसा झाकत नाही. त्यामुळे ठोक्याच्या आधीच एक फिस्स ऐकू येते. त्यावर इलाज म्हणून अशा जागी तुकडे आखूड करतात. (चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर इथून गेलेली पोर्तुगीज घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. तिचा टोल हा याच परीक्षेचा उत्तम नमुना ठरेल.) सुझान व्हेगाचे साथीशिवायचे गाणे तर कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांच्या सुरुवातीच्या एन्कोडरमधून फारच वाईट निघाले होते. एकट्या गळ्यामागे लपायला जागा नसते. नुसत्या तंबोऱ्यावरचा आलाप घ्या, तिथेही तीच अडचण. शिवाय कमी बिटरेटला जवारीतले वरचे स्वरांश लुकलुकू लागतात.

जुन्या तबकड्यांची गोष्ट आणखी वेगळी. १९२५च्या आधी भोंग्यासमोर गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणात वरच्या पट्टीतले फारसे उतरतच नसे. तिथे असते ती तबकडीची खरखर. एन्कोडरला अब्दुल करीम खाँसाहेब आणि खरखर यांतला फरक कळत नाही. खरखर झाकली जात नाही, म्हणून तो तिच्यावरही बिट उधळतो आणि गळ्याच्या वाट्याला कमी उरतात. त्यात तबकडी मोनो आणि नोंद स्टिरिओ, हा घोळ सर्रास होतो. गाणे दोन्ही बाजूंना एकच, पण खाचेच्या दोन भिंतींवरची धूळ वेगळी. १२८तला मोठा भाग ती धूळ जपण्यात जातो. दोन्ही बाजू मिळवून मोनो केले, तर खरखर थोडी कमी होते आणि सगळे बिट एका गळ्याला मिळतात.

सेटिंग कोणते घ्यावे, हे सांगोवांगी ठरवू नये. मूळ अ, गाळलेले ब, आणि त्यांपैकीच एक लपवलेले क्ष : क्ष कोणते, ते ओळखायचे. १६ खेपांत १२ बरोबर आले तर दखल घ्यावी. नुसत्या अंदाजाने तेवढे किंवा जास्त जमण्याची शक्यता शंभरात चारहून कमी असते. लेम या एन्कोडरचे व्ही-२ सेटिंग, म्हणजे सुमारे १९० किलोबिट, बहुतेकांना इथे चकवते. २०१२ साली प्रमाणित झालेले ओपस याहून कमी बिटांत चांगले भागवते.

पण हे सारे ऐकण्याच्या प्रतीपुरते. उद्या खरखर काढणारे नवे साधन आले, तर त्याला लागेल ते आपण ‘ऐकू येत नाही’ म्हणून गाळलेलेच. गाळलेले परत येत नाही. एमपी३ची पुन्हा एमपी३ केली, तर आणखी जाते. म्हणून पहिली नोंद वेव्ह किंवा फ्लॅकमध्येच हवी. जागेची सबब आता उरलेली नाही. सव्वातीन मिनिटांची एक बाजू, सीडीच्या दर्जाने मोनोत आणि काहीही न गाळता, सुमारे १७ मेगाबाइटांत मावते. लग्नाच्या वरातीचा मोबाइलवरचा व्हिडिओ याहून मोठा असतो.