दिव्यांग मुलाला शाळेत घेत नाहीत? पालकांचे हक्क काय, कोणाकडे जायचं? वाचा सविस्तर

‘वर्गात आम्हाला सांभाळता येणार नाही’, ‘याला स्पेशल शाळेत टाका’, ‘आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू’. अशी उत्तरं ऐकून बरेच पालक मुलाला घेऊन घरी परततात. वर्ष-दोन वर्षं अशीच जातात आणि पोर घरी बसतं ते बसतंच. पण कायद्याने यातलं एकही कारण चालत नाही. प्रवेश हा मुलाचा हक्क आहे. कागद लागतात ते पुढच्या सवलतींसाठी, आणि ते मात्र वेळेत करावे लागतात.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत प्रवेश मिळतो. मध्ये शाळा सुटली असेल तरी वयाप्रमाणे वर्गात बसवावं लागतं.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी हा हक्क १८ वर्षांपर्यंत नेला. साधी शाळा की विशेष शाळा, हे पालकांनी ठरवायचं. अतितीव्र किंवा बहुविकलांग मुलासाठी घरी शिक्षणाची सोय आहे, पण तीही पालकांनी निवडायची. शाळेने ‘घरीच ठेवा’ असं सांगून मोकळं व्हायचं नाही.

या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग यांच्यासोबत स्वमग्नता, सिकलसेल, थॅलेसेमिया आणि अध्ययन अक्षमताही त्यात येते. मुलगा हुशार असून वाचताना-लिहिताना सारखा अडत असेल, तर त्याला ‘ढ’ म्हणण्याआधी तपासणी करून घ्यावी.

प्रमाणपत्र कसं काढायचं?

१. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. अर्ज मोबाइलवरूनही भरता येतो आणि पोर्टलवर त्याची फी नाही. आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा.
२. अर्जात निवडलेल्या सरकारी रुग्णालयात नेमलेल्या दिवशी मुलाला घेऊन जा. जुने उपचाराचे कागद सोबत न्या.
३. कार्ड आलं की त्याची झेरॉक्स शाळेत द्या. यू-डायसमध्ये मुलाची दिव्यांग म्हणून नोंद झाली का, हे मुख्याध्यापकांना विचारा.

अंगणवाडीत आणि शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, तेव्हा मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नका. दोष लवकर सापडला तर उपचार लवकर सुरू होतात.

शाळेत काय मिळतं?

समग्र शिक्षा योजनेत पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातून विशेष शिक्षकांची मदत मिळते. मोजमाप शिबिरातून व्हीलचेअर, श्रवणयंत्र, कॅलिपर अशी साधनं दिली जातात. गरजेप्रमाणे प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता आहे. दिव्यांग मुलींना महिना २०० रुपयांप्रमाणे १० महिने प्रोत्साहन भत्ता आहे. त्यासाठी मुलाचं बँक खातं लागतं.

दहावी-बारावीला उशीर नको

बोर्डाच्या परीक्षेत दिव्यांगत्वाच्या प्रकाराप्रमाणे जादा वेळ, लेखनिक, भाषा विषयात सूट अशा सवलती आहेत. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. दहावीचे फॉर्म दिवाळीच्या आसपास भरले जातात, म्हणून प्रमाणपत्राचं काम नववीतच उरकून घ्यावं. परीक्षा तोंडावर आल्यावर धावपळ केली तर हक्काची सवलत हातची जाते.

पुढे कॉलेजलाही सरकारी आणि अनुदानित संस्थांत ५ टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं.

शाळा नाही म्हणाली तर?

• तोंडी भांडण करू नका. प्रवेशाचा अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या.
• नकार असेल तर तोही लेखी मागा.
• काम झालं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार द्या.
• तिथेही दाद लागली नाही तर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.
• त्यानंतर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

प्रत्येक अर्जाच्या पोचेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या कार्यालयात पहिला प्रश्न ‘आधी अर्ज दिला होता का?’ हाच असतो.

शेजारच्या वस्तीवर, पाड्यावर किंवा वाडीवर असं एखादं मूल घरी बसलेलं असेल, तर त्याच्या आई-वडिलांना ही माहिती जरूर दाखवा.