कस, कळक आणि कोरं नाणं

एखादा वकील ‘नाणावलेला’ आहे असं आपण म्हणतो, तेव्हा त्याचं नाव मोठं आहे एवढंच मनात असतं. ‘नावाजलेला’ शेजारीच उभा असल्यामुळे ‘नाणावलेला’मधलं नाणं कुणाच्या लक्षात येत नाही. नाणावणे म्हणजे नाणं पारखावं तसं पारखून घेणे. नावाजलेल्याचं लोकांनी कौतुक केलेलं असतं; नाणावलेल्याला कुणीतरी दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकलेला असतो. गुजरातीतलं नाणावटी आडनाव याच पेढीवरचं.

‘नाणक’ या संस्कृत शब्दाचं ‘नाणं’ झालं. याज्ञवल्क्यस्मृतीत एक ‘नाणकपरीक्षी’ भेटतो, आणि तोही दंडाच्या प्रकरणात. खऱ्या नाण्याला खोटं किंवा खोट्याला खरं ठरवणाऱ्या परीक्षकाला सगळ्यात वरच्या पायरीचा दंड सांगितला आहे. नाण्याची पारख करणारा माणूस आणि त्याच्या पारखीवरचा संशय, दोन्ही इतके जुने आहेत. कुषाणांच्या नाण्यांवर नना नावाची देवी दिसते. तिच्यावरूनच ‘नाणक’ आलं असं काही अभ्यासक मानतात. कल्पना मोहक आहे. मात्र ती नावांच्या साम्यावर जरा जास्तच भार टाकते असं मला वाटतं.

मराठीतले पारखीचे बहुतेक शब्द सराफाच्या गादीवर जन्मले. खुद्द ‘सराफ’ अरबीतून आलेला. ‘पोतदार’ हा फारसीतला फोतेदार, म्हणजे खजिना सांभाळणारा. गावगाड्यात वसुलीची नाणी पारखायचं काम पोतदाराकडे असे आणि बहुधा तो सोनारच असे. या मंडळींना नाण्याच्या रूपाशी कर्तव्य नव्हतं. आत सोनं-चांदी किती, एवढाच त्यांचा प्रश्न, आणि तो सोडवायच्या रीतीही धसमुसळ्या. वाजवून बघायचं: आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर परत. घासून बघायचं: संस्कृतात कषपट्टिका, म्हणजे घासायची पाटी, तीच आपली कसोटी. ‘कष्’ म्हणजे घासणे. त्यातून कस आला, कसदार आला, सकस आला, निकस जमीन आली आणि सरकारी परिपत्रकातले ‘निकष’सुद्धा आले. कसात हीन ते हिणकस. आज हिणकस शेरे मारणाऱ्यांपैकी कुणाला त्यातल्या काळ्या दगडाची आठवण होत असेलसं वाटत नाही.

शंका उरलीच तर सराफ नाण्यावर छिन्नीने टोचा मारून आतली धातू बघत, किंवा पारख झाल्याची खूण म्हणून आपला बारीकसा ठसा त्यावर उमटवत. अशा टोच्यांनी भरलेले मोगल रुपये आजही बाजारात येतात.

मग वयाचा प्रश्न. बंगालात ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरुवातीच्या काळात शिक्का रुपया चालू सालाचा असेल तोवरच पूर्ण भावाने चाले. साल उलटलं की सराफ बट्टा कापत, मग नाणं झिजलेलं असो वा नसो. नावाला बट्टा लागतो तो हाच. शेवटी कंपनीने शहा आलमच्या १९ व्या राज्यवर्षाचा आकडा धरला आणि पुढची कित्येक वर्षं तोच छापत राहिली. नाण्याने म्हातारं व्हायचंच नाही! (राणीछाप रुपयावरही १८६२ हे साल असंच १८७४ पर्यंत छापलं जात होतं. जुन्या रुपयावरचं साल पाहून त्याचा जन्म ठरवणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेलं बरं.)

पुढे सरकारने झिजेचा हिशेब कायद्यातच मांडला. १९०६ च्या नाणे कायद्यानुसार रुपयाचं वजन ठरलेल्या वजनाहून दोन टक्क्यांपेक्षा जास्त घटलं, की तो कायदेशीर चलन उरत नसे. रुपया एका तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे पाव ग्रॅमदेखील पुरा झिजायची मुभा नव्हती. म्हणजे सरकारही वजनच बघत होतं. राणीच्या झग्यावरची वेलबुट्टी शिल्लक आहे की गेली, याची कायद्याला फिकीर नव्हती.

ती फिकीर असते संग्राहकाला. सराफाची भाषा घेऊन संग्राहकाच्या दुनियेत गेलेला माणूस पहिल्याच पायरीला अडखळतो, कारण तिथे स्तुती आणि निंदा यांनी जागा बदललेल्या असतात. वाजवून बघावं तर कडेला ठेच बसते. घासून बघावं तर किंमतच निघून जाते. लखलखीत, चकचकीत, घासूनपुसून ठेवलेलं ही घरातल्या तांब्या-पितळेची शाबासकी. जुन्या नाण्याबद्दल ती ऐकू आली की जाणता माणूस मागे सरतो. उलट काळवंडलेलं, कळकलेलं हे शब्द त्याच्या कानाला सुखावतात. पितळेत ठेवलेलं ताक कळकतं, त्यातला कळक म्हणजे धातूवर चढणारा मळ. कळकट हाही त्याच घरातला दिसतो. चांदीवर सावकाश चढलेली ही काळी-निळी झाक किंवा तांब्यावरची गडद तपकिरी साय नाण्याची राखण करते आणि ते कुणी छेडलेलं नाही याची ग्वाही देते. या मोलाच्या गोष्टीला मराठीत एकही चांगला शब्द नाही. आहेत ते सगळे मोरीवरचे. हिरवा जंगाल मात्र खरोखरच रोग आहे. दमट जागेत तो पसरतो आणि नाणं खातो.

झिजणं हा शब्दही असाच उलटा फिरतो. संस्कृत ‘क्षीयते’, प्राकृत ‘झिज्जइ’, मराठी झिजणे; क्षय त्याचा सख्खा. माणसाच्या बाबतीत आपण झिजण्याला फार मान देतो, मृत्युलेखात तर हमखास. नाण्याला ती सवलत नाही.

मग पारख करायची कशी? पाणिनीने ‘रूप्य’ शब्द ‘रूप’पासून साधताना दोन अर्थ सांगितले आहेत: ठोकून ज्यावर रूप उमटवलं आहे ते, आणि ज्याचं रूप वाखाणावं ते. आपला रुपया तिथूनच आला. कौटिल्यानेही नाणी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ‘रूपदर्शक’ म्हटलं आहे. सराफाने मधल्या काळात कस धरला; संग्राहक पुन्हा रूपाकडे वळतो. त्यातही दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: रूप नीट उमटलं होतं का, आणि उमटलेलं किती उरलं आहे?

शिवराईवर हे नीट कळतं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचं कडं. पण ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, शिवाय हातोडा हातातला. त्यामुळे पूर्ण मजकूर असलेली शिवराई विरळाच. एखादीवर ‘श्री’ नसतो, एखादीवर ठिपके एकाच बाजूला असतात. याला झीज म्हणायचं नाही. ते अक्षर कधी नाण्यावर पडलंच नव्हतं. अर्धीच अक्षरं असलेली शिवराई ठसठशीत असू शकते आणि सगळी अक्षरं असलेली गुळगुळीत. झीज ओळखायची ती उठावावरून. जो भाग सगळ्यात वर उठलेला तो आधी जातो: राणीछाप रुपयावर गाल, केस, मुकुटाची कड. तिथे सपाटी आली असेल आणि खोलगट भाग मात्र तीक्ष्ण असेल तर ती वापराची झीज. वर-खाली सगळंच सारखं मऊ दिसलं, तर ठसा जुना झालेला असावा, घाव हलका पडलेला असावा किंवा नाणं तेजाबात बुडवलेलं असावं. आणि उजेडात तिरपं धरल्यावर एकाच दिशेच्या बारीक रेघा चमकल्या, तर कुणीतरी ते प्रेमाने पुसलेलं आहे.

पारख हा शब्द ‘परीक्षा’वरून आला, परि म्हणजे चहूबाजूंनी आणि ईक्षा म्हणजे पाहणं. चहूबाजूंत कडही आली, आणि नवशिका विसरतो ती हीच बाजू. यंत्राच्या कळेवर पडलेल्या कलदार रुपयाच्या कडेला बारीक खाचा असतात. कडेवर जरा जास्तीची चमक किंवा भरलेला खड्डा दिसला, की इथे एके काळी कडी होती आणि रुपया कुणाच्या तरी गळ्यात होता हे ओळखावं. पुतळीच्या माळेला ती कडी हवीच. संग्रहात मात्र तिने भाव निम्म्याहून खाली यायला वेळ लागत नाही.

लिलावाच्या पुस्तिकांत हे सगळं इंग्रजी आद्याक्षरांत लिहिलेलं असतं, आणि ती भाषाही साळसूद आहे. त्यांच्या लेखी ‘गुड’ नाणं म्हणजे ज्यावर राजाचा चेहरा ओळखता येतो एवढंच. ‘फाईन’सुद्धा बेताचंच. अमेरिकन संग्राहक विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली आपल्या देशाच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० असे अंक सुचवले. उत्तम नाण्याची किंमत रद्दड नाण्याच्या सत्तरपट, असा त्यामागे बाजारभावाचा हिशेब होता. तो हिशेब केव्हाच मोडला. सत्तराचा आकडा मात्र जगभर राहिला.

आपल्या बोलण्यातल्या पायऱ्या मला त्याहून प्रामाणिक वाटतात. कोरं म्हणजे हातात न फिरलेलं. ठसठशीत म्हणजे फिरलेलं, पण उठाव शाबूत असलेलं. पुसट म्हणजे वाचता येतं, पण तिरपं धरावं लागतं. गुळगुळीत म्हणजे अंगठ्याला काहीच लागत नाही. ही चार नावं कुठल्याही आजीला सांगावी लागत नाहीत आणि विकणाऱ्याला त्यांच्याआड लपता येत नाही.

तेव्हा घरच्या देव्हाऱ्यात, डब्यात, गोधडीच्या टाक्यात एखादी शिवराई किंवा राणीछाप रुपया असेल, तर तो कडेने धरा, कोरड्या कागदात ठेवा, आणि दिवाळीच्या साफसफाईत चिंच, राख, रांगोळी त्याच्यापासून लांब ठेवा.