घसरगुंडीचा जमाखर्च

दिवाळीच्या आधीचा रविवार हा आमच्या घरी माळ्याचा वार असतो. मी शिडीवर, सौ. खाली, आणि वर्षभर ज्यांना कोणी विचारलं नाही अशा वस्तूंची खानेसुमारी सुरू. एकेक वस्तू मी वरून दाखवायची आणि तिनं "ठेवा" किंवा "द्या" असा निकाल द्यायचा. अपील नाही. यंदा दोन कंदिलांचे सांगाडे, लग्नातल्या सरबताच्या सेटमधला उरलेला एकुलता एक ग्लास आणि मुठीशिवायची कढई निकालात निघाल्यावर माझ्या हाताला एक काळं, जडसं खोकं लागलं. प्लेस्टेशन टू.

"द्या," सौ. म्हणाली.

"अगं, चालतं अजून!"

"चालायला आजींचं शिलाई मशीनही चालतं. उपयोग काय?"

खाली भंगारवाला ताणकाटा घेऊन उभाच होता. मी गयावया करून सांगितलं, की नोकरीत कायम झाल्यावर पगारवाढीची जी पहिली थकबाकी मिळाली होती त्यातून हे घेतलं आहे. थकबाकी या शब्दाला आमच्या घरात थोडा मान आहे. त्यामुळे निकाल लगेच न देता अर्धा तास राखून ठेवण्यात आला. तेवढ्यात चिरंजीव आले. त्यांनी खोक्यातून एक तबकडी काढली, तिच्यावरची तारीख पाहिली आणि शिलालेख वाचावा तसं म्हणाले, "२००१! बाबा, एसएसएक्स ट्रिकी. म्हणजे काय होतं ह्यात?"

"बर्फावरून फळीवर उभं राहून घसरायचं."

"बस? घसरायचं? ह्यात मजा काय?"

प्रश्न रास्त होता. माझी आणि बर्फाची ओळख फ्रीजच्या वरच्या कप्प्यापुरती. तोही सौ. दर महिन्याला खरवडून टाकते. अशा माणसानं तरुणपणातल्या कित्येक रात्री पडद्यावरच्या कॅनडातल्या डोंगरावरून घसरण्यात का घालवल्या, याचा खुलासा व्हायलाच हवा होता. मी शिडीच्या चौथ्या पायरीवर बसलो आणि मुळापासून सुरुवात केली. बँकेत राहून ही सवयच लागते. पाच हजारांचं कर्ज असलं तरी आधी आजोबांचा सातबारा.

या फळीचे आजोबा म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या मस्केगन गावचे शेरमन पॉपेन. १९६५ सालच्या नाताळच्या दिवशी पोरींना घराबाहेर रमवायचं म्हणून या गृहस्थांनी दोन स्की एकमेकींना जोडल्या आणि म्हणाले, ह्याच्यावर उभ्या राहा. पोरी उभ्या राहिल्या, घसरल्या, आणि गल्लीतली बाकीची पोरं "आम्हालाही" म्हणत रांगेत उभी राहिली. नाव बायकोनं ठेवलं: स्नो आणि सर्फर हे दोन शब्दही तसेच एकमेकांना बांधून 'स्नर्फर'. मोठमोठे शोध प्रयोगशाळेत लागतात असं शाळेत शिकवतात. माझ्या मते त्यातले निम्मे तरी "पोरांना जरा बाहेर न्या हो" या एका वाक्यातून लागलेले असावेत.

पुढे एका कंपनीनं स्नर्फर खेळणं म्हणून बाजारात आणलं. ते ज्या पोरांच्या हाती पडलं त्यात जेक बर्टन कार्पेंटर नावाचा एक मुलगा होता. मोठेपणी हा न्यूयॉर्कमधली बरी नोकरी सोडून १९७७ साली व्हर्मांट राज्यात फळ्या बनवायला जाऊन बसला. (कायम नोकरी सोडून फळ्या! आमच्याकडे असता तर चार मामांनी मिळून त्याची समजूत काढली असती.) फळीला त्यानं पाय बांधण्याची सोय केली आणि खेळण्याचा खेळ झाला. पण पट्ट्यांवरून घसरणाऱ्या जुन्या सभ्य मंडळींना हे फळकूट मुळीच खपेना. ब्रह्मचाऱ्याला जागा भाड्यानं द्यायची नाही, त्याच चालीवर डोंगरामागून डोंगर या पोरांना मज्जाव करत होते. व्हर्मांटमधल्याच स्ट्रॅटननं १९८३ साली दार उघडलं, मग हळूहळू बाकीच्यांनी. अमेरिकेत तीन डोंगर मात्र अजूनही फळीवाल्यांना येऊ देत नाहीत. सोसायटी म्हटली की असे दोन-तीन सभासद असायचेच.

१९९८ साली जपानमधल्या नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये फळीला प्रवेश मिळाला. पहिलं सुवर्णपदक कॅनडाच्या रॉस रेबाग्लियाटीचं. त्याच्या तपासणीत गांजाचा अंश सापडला म्हणून पदक काढून घेतलं, आणि त्या अंशाबद्दल नियम धड नव्हता म्हणून परत दिलं. आमच्या भाषेत आधी नावे, मग उलट नोंद करून जमा.

"बाबा, गेमबद्दल सांगताय ना?" चिरंजीवांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांच्या पिढीला प्रस्तावना सोसत नाही.

तर गेम. हे खेळ आधी दुकानातल्या नाण्याच्या यंत्रांत वाढले. नाणं टाकणाऱ्याला घाई असते आणि यंत्राच्या मालकाला त्याहून जास्त. म्हणून यंत्रानं दहा सेकंदांत गिऱ्हाइकाला खूश करायचं आणि तीन मिनिटांत बाहेर काढायचं. 'आर्केड' धाटणी म्हणतात ती हीच. आमच्या काउंटरचं नेमकं उलट. १९९६ साली नाम्को कंपनीचं अल्पाइन सर्फर आलं. त्यात चक्क एका हलत्या फळीवर उभं राहून पडद्यावरचा डोंगर उतरायचा. त्याच वर्षी कूल बोर्डर्सनं तो डोंगर प्लेस्टेशनवर घरात आणला. आणि १९९८ साली, नागानोच्याच महिन्यात, निन्तेंदोचा १०८०°. तीन पूर्ण गिरक्या म्हणजे एक हजार ऐंशी अंश. हा खेळ उत्तम, पण कडक. फळी वळवण्यात वजन जाणवायचं, उडीनंतर फळीचं तोंड दिशेला धरून नसेल तर सपशेल लोटांगण, आणि नावातली ती तीन गिरक्यांची करामत करायला बटणांची एवढी लांबलचक मालिका, की गायत्री मंत्र त्यापेक्षा लवकर पाठ व्हावा. मला त्याच्याविषयी गणिताच्या जुन्या मास्तरांविषयी वाटतो तसा आदर वाटतो. त्यांच्या घरी मी स्वतःहून कधी गेलो नाही.

मग आला एसएसएक्स. २६ ऑक्टोबर २००० रोजी अमेरिकेत प्लेस्टेशन टू विक्रीला आलं, त्याच दिवशी. बनवणारी ईए कंपनीची कॅनडातली शाखा आणि सूत्रधार स्टीव्हन रेक्टशाफनर. हे गृहस्थ नीट लक्षात ठेवा. १९९१ साली कॅनडातल्या ब्लॅककोम डोंगरावर एका टीव्ही कार्यक्रमासाठी यांनीच फळीवाल्यांची नवी शर्यत काढली होती. एकेकट्यानं घड्याळाशी झुंजायचं सोडून सगळ्यांनी एकदमच वळणं-उड्यांच्या वाटेवर सुटायचं. हीच बोर्डरक्रॉस. म्हणजे या माणसाला खरा डोंगर पक्का ठाऊक होता. आणि ठाऊक होता म्हणूनच त्यानं आणि त्याच्या मंडळींनी गेममध्ये त्या डोंगराचा सर्वात मोठा नियम उलटा केला, असा माझा बी.कॉम., सेकंड क्लास दावा आहे.

नियम असा. खऱ्या शर्यतीत हवेत राहणं म्हणजे तोटा. जिंकणारे उडीवरूनही अंग मुडपून शक्य तितके खालूनच जातात, वर गेलं की वेळ गेला. तिथे गिरक्या मारणं म्हणजे लोकल पकडायला धावताना वाटेत फुगडी घालणं. एसएसएक्समध्ये उलट. फुगडी घालाल तर लोकल मिळेल! पडद्याच्या कडेला एक पट्टी असते. हवेत जितक्या गिरक्या, कोलांट्या, जितका वेळ फळी हातानं धरून मिरवलात, तितकी पट्टी भरते. आणि मग चौकोनाचं बटण दाबलं की तीच पट्टी खर्ची पडून माणूस बाणासारखा सुटतो. मिरवणं हे जमा, वेग हा खर्च. सगळ्या खेळाचं खातं या दोन रकान्यांत.

आणि त्यात खरी गंमत पुढेच आहे. गिरकी हवेत मारली म्हणून लगेच जमा होत नाही. उडी म्हणजे नुसता लिहिलेला चेक. तो वटतो जमिनीवर. फळी सरळ टेकली तर सगळी रक्कम खात्यात, तिरकी टेकली तर चेक परत आणि तुम्ही बर्फात उताणे. कड्याच्या टोकाकडे जाताना बटण दाबून धरून माणूस खाली वाकवायचा, अंगाला आधीच पीळ देऊन ठेवायचा आणि अगदी कडेला सोडायचं. अलीकडे सोडलं तर बुटकी उडी, पलीकडे सोडलं तर नुसतंच पडणं. मग हवा. हवेतला वेळ इतका ऐसपैस, की त्यात विचार करता येतो. आणि विचारच घात करतो! दोन गिरक्या झालेल्या असतात, जमीन वर येत असते आणि मन म्हणतं, "अजून एक बसेल." हे "अजून एक बसेल" म्हणजेच तो सगळा गेम. दर उडीला आपल्या हावेची आणि अकलेची दोन सेकंदांत गाठ घालून द्यायची, निकाल लगेच सांगायचा, आणि पडलात तरी हाड न मोडता पुन्हा उभं करायचं. शेअर बाजारात हेच सगळं आहे. फक्त ते शेवटचं कलम नाही.

ट्रिकीमध्ये यावर आणखी एक मजला चढवला. पट्टी काठोकाठ भरली की रन-डीएमसी या मंडळींचं 'इट्स ट्रिकी' हे १९८६ सालचं गाणं गरजायला लागतं आणि पाय फळीतून सुटतील अशा अचाट करामती खुल्या होतात. अशी प्रत्येक करामत साधली की 'ट्रिकी' या शब्दाचं इंग्रजीतलं एकेक अक्षर पेटतं. सहाही पेटली की मग पट्टी संपतच नाही. अमर्याद ओव्हरड्राफ्ट! माझ्या उभ्या हयातीत मी एकाही खातेदाराला तो मंजूर होताना पाहिलेला नाही. रात्री दीड वाजता माझी सहा अक्षरं पहिल्यांदा पेटली तेव्हा मी अंथरुणावर उभा राहिलो होतो. वडिलांनी आतून विचारलं, "कॅश लागली का रे?" त्या आठवड्यात माझ्या काउंटरला चारशे रुपये तूट आली होती आणि खिशातून भरावी लागली होती. त्यांना वाटलं, झोपेत हिशेब जुळला.

वाटा तर काय सांगाव्यात! हवाई बेटांजवळ ओढून आणलेल्या हिमनगावर एक, टोकियोत प्रचंड पिनबॉलच्या यंत्रासारखी दुसरी. भूगोलाच्या मास्तरांनी कान उपटावेत अशा. पण त्यातही विचार होता. प्रत्येक वाटेला चोरवाटा, घसरत जायला कठडे, वरचा रस्ता, खालचा रस्ता. विसाव्या फेरीतही "अरे, हे इथे होतं?" असं व्हायचं. २००३ सालच्या तिसऱ्या भागात तर अख्खा एक डोंगर दिला, शिखरापासून पायथ्यापर्यंत सलग. त्यात मोठ्या उडीला संगीत विरून जायचं आणि नुसता वारा ऐकू यायचा. टेकलं की पुन्हा ढोल. मला तो भाग कलादृष्ट्या सरस वाटतो. पण प्रेम दुसऱ्यावर. त्याला इलाज नाही.

"पण बाबा," चिरंजीव म्हणाले, "खऱ्या शर्यतीत कोणी असं मिरवलं तर?"

याचंही उत्तर इतिहासात आहे. बोर्डरक्रॉस २००६ साली तुरीनला ऑलिंपिकमध्ये आली. महिलांच्या अंतिम फेरीत अमेरिकेची लिंडसे जेकबेलिस, वय वीस, सगळ्यांच्या कितीतरी पुढे. शेवटून दुसरी उडी. जिंकलेलीच होती. तिनं हवेत जरा झोकात फळीला हात लावला. गेममध्ये याची पट्टी भरली असती. तिथे ती पडली, मागून स्वित्झर्लंडची तान्या फ्रीडेन निघून गेली आणि सुवर्ण तिचं झालं. जेकबेलिसला रौप्य. त्या एका चेकवरून जगानं तिला वर्षानुवर्षं टोकलं. सुवर्ण मिळालं ते २०२२ साली बीजिंगला, छत्तिसाव्या वर्षी. एक नव्हे, दोन. दुसरं मिश्र जोडीत, आणि जोडीदार निक बाउमगार्टनर चाळीस वर्षांचा. ही चाळिशीची माहिती मी ऑफिसात सर्वांना आवर्जून सांगतो.

एवढं ऐकल्यावर चिरंजीवांनी लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारा शोधून टीव्हीला जोडल्या. सुरू झालं! गॅरिबाल्डीचा डोंगर, तोच. चिरंजीव पहिल्या उडीला दोन गिरक्या मारून उभे राहिले, दुसरीला तिसरी मारायला गेले आणि उताणे. "बसली असती!" असं ओरडले. मी काहीच बोललो नाही.

"बघू इकडे," सौ. म्हणाली आणि पदर खोचून बसली. ती स्कूटर चालवते तशीच घसरली. वळणाआधी वेग कमी, कठड्याच्या वाटेला जायचं नाही, उडी आली की अलीकडून बाजूला. मागून येणाऱ्यांना तिनं जागा दिली. एकाला तर "जा बाबा तू" असं म्हणाली. सहा जणांत सहावी आली.

"एकदाही पडले नाही," ती म्हणाली आणि पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिली. पट्टी रिकामी होती. "आणि न पडणाऱ्याला हे काहीच देत नाही?"

"नाही."

"काय बाई तऱ्हा! परत लाव बघू. त्या टोकावरून कोणतं बटण म्हणालात?"

खालून भंगारवाल्यानं तिसऱ्यांदा हाक मारली. मी कढई, कंदिलांचे सांगाडे आणि प्लेस्टेशनचं रिकामं खोकं घेऊन खाली गेलो. पुठ्ठ्याचे त्यानं वेगळे दोन रुपये दिले.