'कलुषा' या नांवाविषयीं थोडेंसें

राजास भुलवून, मंत्रतंत्रानें बांधून त्याच्या हातून अनर्थ करविणारा पुरुष म्हटला कीं मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें 'कलुषा कबजी' उभा राहतो. आम्हींही वर्गांत कित्येक वर्षें हेंच नांव शिकविलें. मूळ नांव कविकलश. हा कनोजा ब्राह्मण संभाजीमहाराजांचा छंदोगामात्य व कुलएखत्यार होता. (छंदोग म्हणजे सामवेदी, कवितेच्या छंदाशीं त्याचा संबंध जोडणें चूक होय.)

कलश म्हणजे घट. कलुष हा शब्द अमरकोशांत एकदां गढूळ पाण्यास व एकदां पापास दिलेला आढळतो. एका उकारानें घट गढूळ झाला! 'कबजी' हें आमच्या मतें 'कविजी'चें उत्तरेकडील उच्चारांतून आलेलें रूप असावें. परंतु 'कब्जा' शब्द परिचित असलेल्या श्रोत्यास त्यांत राजाला मुठींत ठेवणारा ऐकूं आला, तर नवल नाहीं.

या चित्रास ठळक रंग दिला तो मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीनें. ती सुमारें १८१० ची, म्हणजे घटनेनंतर सव्वाशें वर्षांनीं लिहिलेली. शिवाय बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी १६८१ मध्यें महाराजांच्या आज्ञेनें मारले गेले होते, हें विसरून ती वाचतां येत नाहीं. दोष मांत्रिकावर टाकला म्हणजे धन्याविषयींचा राग झांकून बोलतां येतो. मात्र त्यायोगें धनी बाहुलें ठरतो.

जेधे शकावलींत निराळाच पुरुष दिसतो. १६८५ च्या आरंभीं रायगडाखालीं गांगोलीस शहाबुद्दीनखानाशीं लढून त्यास घाटावर परतविणारा हाच. आणि १६८८ त शिर्के उलटल्यावर खेळण्यास पळणाराही हाच. तो निर्दोष होता, असें आमचें म्हणणें नाहीं. एवढी सत्ता एका परप्रांतीयाच्या हातीं गेल्यावर वतनदार बिथरणारच. पण हें राजकारण झालें. त्यास जारणमारण कशाला हवें? फितुरीचा संशय घेणारांनीं एवढेंच पाहावें कीं, १ फेब्रुवारी १६८९ रोजीं संगमेश्वरीं तो महाराजांबरोबर धरला गेला व ११ मार्च रोजीं त्यांच्याबरोबरच मारला गेला.

संग्राहकांस विनंती ही कीं, मोडी कागदांची नक्कल करितांना या नांवाचीं अक्षरें मूळांत असतील तशींच उतरावीं. श-षचा विवेक मोडींत क्वचितच पाळलेला असतो. म्हणून 'कलशा' किंवा 'कलुशा' दिसल्यास तेथें शुद्धलेखनाच्या हौसेनें 'कलुषा' करूं नये, व शेजारीं कागदाचा काल अवश्य नोंदवावा.