कॅटरिना चक्रीवादळातील लोकसाहाय्य

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहर ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना या हरिकेनने, म्हणजे अटलांटिकवरील तीव्र चक्रीवादळाने, आणि त्यापाठोपाठच्या महापुराने बुडाले, तेव्हा व पुढील काही वर्षांत शेजारी, नाववाले, चर्चची मंडळी, वर्गणीवर चालणारी मंडळे आणि बाहेरून आलेले स्वयंसेवक यांनी उभी केलेली परस्परमदत. शासकीय यंत्रणेचे अपयश म्हणून कॅटरिनावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने हा दुसरा भाग कमी सांगितला जातो. सांगितला गेला तरी बहुधा चमत्काराच्या सुरात. प्रत्यक्षात या मदतीत चमत्कार फारसा नव्हता. जिथे माणसे आधीपासून एकमेकांत गुंतलेली होती, तिथे ती उभी राहिली आणि टिकली.

पूर व मागे राहिलेले लोक : २८ ऑगस्टला मेक्सिकोच्या आखातावर पाचव्या श्रेणीत पोचलेले हे वादळ २९ ऑगस्टच्या सकाळी ब्यूरास गावाजवळ किनाऱ्याला लागले, तेव्हा ते तिसऱ्या श्रेणीपर्यंत उतरले होते. खरा घात पूरभिंतींनी केला. सतराव्या रस्त्याचा कालवा, लंडन ॲव्हेन्यू कालवा आणि इंडस्ट्रियल कालवा यांच्या भिंतींसह पन्नासाहून अधिक ठिकाणी पूरसंरक्षक बांधकामे फुटली. त्यांतील काही भिंती पाणी माथ्यापर्यंत चढण्याआधीच कोसळल्या. त्यांच्या आखणीची जबाबदारी केंद्र सरकारच्या लष्करी अभियंता दलाकडे होती, म्हणून जाणकार याला नैसर्गिक आपत्तीपेक्षा अभियांत्रिकी अपघात म्हणणे अधिक पसंत करतात. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि काही वस्त्यांत ते पाणी आठवडेच्या आठवडे राहिले. मृतांचा आकडा बरीच वर्षे १,८३३ असा दिला जाई. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने २०२३ मध्ये तो सुधारून १,३९२ केला.

शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश महापौर रे नेगिन यांनी वादळाच्या जेमतेम एक दिवस आधी काढला. दहा लाखांवर लोक त्या परिसरातून बाहेर पडले खरे, पण शहरातील चौथ्या हिश्शाहून अधिक कुटुंबांकडे मोटारच नव्हती. त्यात महिनाअखेर. पगार, निवृत्तिवेतन, सरकारी साहाय्य हे सगळे एक तारखेला मिळणार होते. ‘इशारा देऊनही ही माणसे थांबली का’ हा तेव्हा दूरचित्रवाणीवर सतत विचारला गेलेला प्रश्न मोटार आणि भरलेला खिसा गृहीत धरूनच विचारला जात होता.

जुन्या पुरांच्या आठवणी : १९२७ च्या मिसिसिपी महापुरात न्यू ऑर्लिन्सच्या धनिकांचा व्यापारी भाग वाचावा म्हणून शहराच्या खालच्या अंगाला कार्नार्व्हन येथे सुरुंग लावून नदीचा बांध फोडला गेला आणि सेंट बर्नार्ड व प्लॅकमिन्स या परगण्यांतील गरिबांची घरे बुडवण्यात आली. भरपाईची आश्वासने बरीचशी कागदावर राहिली. सप्टेंबर १९६५ मध्ये बेट्सी वादळात लोअर नाइन्थ वॉर्ड ही प्रामुख्याने कृष्णवर्णीय कामगारांची वस्ती बुडाली. पाणी चढेल तसे लोक पोटमाळ्यावर गेले, आणि छप्पर फोडता न आल्याने काहीजण तिथेच अडकून मेले. तेव्हापासून पोटमाळ्यावर कुऱ्हाड ठेवण्याची रीत त्या भागात पडली. २००५ मध्ये अशा कुऱ्हाडींनी अनेकांचे प्राण वाचवले. त्याच वेळी ‘या वेळीही बांध मुद्दाम फोडला’ अशी कुजबुज वस्तीत पसरली. २००५ च्या बाबतीत तिला आधार नाही, पण १९२७ चा इतिहास ठाऊक असलेल्याला तिचे नवल वाटणार नाही.

वर्गणीची मंडळे : यादवी युद्धानंतर विमा कंपन्या कृष्णवर्णीयांना दारात उभे करीत नसत. म्हणून शहरातील ट्रमे व इतर वस्त्यांत परस्परसाहाय्य मंडळे निघाली. सभासदांच्या वर्गणीतून आजाऱ्याला डॉक्टर व औषध मिळे आणि मेलेल्याला मानाची मूठमाती. आपल्याकडच्या मयतफंडाला वाजंत्र्यांची जोड दिली, तर या मंडळांची कल्पना येईल. अंत्ययात्रेत पितळी वाद्यांचा ताफा जाताना शोकगीते वाजवी आणि दफनानंतर परतताना नाचाची गाणी. ताफ्यामागे नाचत चालणाऱ्या लोकांच्या रांगेला ‘सेकंड लाइन’ म्हणतात. जॅझ संगीताच्या जडणघडणीत या मिरवणुकांचा मोठा हात आहे. पुढे विमा मिळू लागला, मंडळांचे ते काम घटले आणि उत्सवी अंग वाढले, तरी ‘सोशल एड अँड प्लेझर क्लब’ हे नाव व त्यातला साहाय्याचा शब्द टिकून राहिला. १९०९ पासून मिरवणूक काढणारा झुलू क्लब त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध.

पुरानंतर सभासद ह्यूस्टन, अटलांटा, बॅटन रूज अशा शहरांत विखुरले. कोण कुठे आहे, कोणाची आई सापडली, कोणाचे घर उभे आहे, हे कळण्याची एक वाट म्हणजे ही मंडळे. जानेवारी २००६ मध्ये अनेक मंडळांनी मिळून सेकंड लाइन काढली आणि तिच्यासाठी लोक शेकडो मैल मोटार हाकत आले. पाणी-वीज नसलेल्या शहरात मिरवणूक कशाला, असे वरवर पाहणाऱ्याला वाटले असेल. पण परतायचे की नाही हे ठरवण्यासाठी माणसाला आपली माणसे परतताहेत का ते आधी डोळ्यांनी पाहावे लागते. त्या मिरवणुकीच्या वेळी गोळीबार झाला आणि नगरपालिकेने पोलीस बंदोबस्ताचे शुल्क भरमसाट वाढवले. मंडळांनी त्याविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात दाद मागितली आणि अखेर तडजोडीत शुल्क खाली आणून घेतले.

नाववाले : पहिल्या दिवसांतील बचावाचा मोठा भार तटरक्षक दलाने पेलला. ३३,००० हून अधिक लोक त्याने सोडवले. राज्याच्या वन्यजीव व मत्स्य विभागाच्या नौकाही अखंड चालल्या. त्यांच्या बरोबरीने खासगी नावा उतरल्या. लुइझियानाच्या दलदलीत राहणारे केजन लोक हे अठराव्या शतकात ब्रिटिशांनी कॅनडाच्या अकेडिया भागातून हाकललेल्या फ्रेंचांचे वंशज. कोळंबी, मासे आणि बदके यांच्या मागे जाण्यासाठी त्यांच्या अंगणात सपाट बुडाची ॲल्युमिनियमची नाव असतेच. राज्याचे सिनेटर निक गोट्रो यांच्या आवाहनावरून लाफयेत शहरातील एका मॉलच्या वाहनतळावर मोटारींमागे नावा जोडून लोक जमले. या काफिल्यात साडेतीनशे ते चारशे नावा होत्या असे सांगतात. पुढे त्याला ‘केजन नेव्ही’ हे नाव पडले. बुडालेल्या गल्लीत, विजेच्या तारा आणि मोटारींच्या टपांमधून वाट काढायला उथळ पाण्याची हीच नाव उपयोगी होती, आणि ती चालवणाऱ्याला काही शिकवावे लागत नव्हते. तरीही काही नावा अधिकाऱ्यांनी सुरक्षिततेचे कारण देऊन माघारी पाठवल्या.

वस्तीतल्या वस्तीतही नावा मिळवल्या गेल्या. डेलावेअर विद्यापीठाच्या आपत्ती संशोधन केंद्राने नोंदवलेला एक गट अकरा मित्रांचा होता. त्यांनी स्वतःला ‘रॉबिनहूड लुटारू’ म्हणवून घेतले, सापडतील त्या नावा घेतल्या, सोडलेल्या घरांतून अन्न, पाणी, कपडे काढले आणि आपल्या कामगारवस्तीतील शेजाऱ्यांना बाहेर आणले. शस्त्र जवळ बाळगायचे नाही, असा नियमही त्यांनी आपसांत केला होता. कायद्याच्या भाषेत ते चोरच.

अफवा व दडपशाही : याच दिवसांत सुपरडोम क्रीडागृहात आश्रय घेतलेल्या हजारो लोकांत खून-बलात्कारांचे सत्र चालू असल्याच्या बातम्या जगभर गेल्या. पुढे तपासात त्यांतल्या बहुतेक खोट्या ठरल्या. सुपरडोममध्ये एकही खून सिद्ध झाला नाही. नुकसान मात्र होऊन गेले. लूटमार रोखण्यासाठी महापौरांनी पोलिसांना बचावकार्यातून काढून रस्त्यांवर आणले. १ सप्टेंबरला मिसिसिपीवरील पूल पायी ओलांडू पाहणाऱ्या पूरग्रस्तांना पलीकडच्या ग्रेट्ना शहराच्या पोलिसांनी हवेत गोळ्या झाडून परत फिरवले. ४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी सहा निःशस्त्र नागरिकांवर गोळ्या झाडल्या, त्यांत दोघे मेले. अल्जिअर्स पॉइंट या भागात गोऱ्या रहिवाशांच्या सशस्त्र टोळ्यांनी वाटसरू कृष्णवर्णीयांवर बंदुका चालवल्या. घबराट माजवते ती गर्दी, असा सर्वसाधारण समज आहे. इथे ती सत्ता व मालमत्ता राखणाऱ्यांत अधिक दिसली. आपत्तींचे अभ्यासक एन्रिको क्वारंटेली यांनी कितीतरी दशके हेच मांडले होते, की संकटात सामान्य माणसे क्वचितच सैरावैरा होतात. लेखिका रिबेका सोल्निट यांच्या २००९ मधील पुस्तकाने हा विचार अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर नेला.

कॉमन ग्राउंड : अल्जिअर्स हा शहराचा भाग मिसिसिपी नदीच्या पश्चिम तीरावर असल्याने बुडाला नव्हता. तिथले रहिवासी व कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे माजी कार्यकर्ते मलिक रहीम यांनी काही सहकाऱ्यांसह सप्टेंबर २००५ च्या पहिल्या आठवड्यात ‘कॉमन ग्राउंड’ ही संघटना सुरू केली. हाताशी होते पन्नास डॉलर. काही दिवसांतच एका मशिदीत मोफत दवाखाना उघडला. ‘उपकार नको, साथ हवी’ अशा आशयाचे ब्रीद घेऊन संघटनेने अन्नवाटप, औषधोपचार आणि कायद्याचा सल्ला अशी कामे चालवली. सर्वांत किळसवाणे काम घरे मोकळी करण्याचे. बुरशी धरलेल्या भिंतींचे आतले तक्ते, गाद्या, सडलेल्या अन्नाने भरलेले शीतकपाट, सगळे बाहेर काढून घराचा नुसता सांगाडा ठेवायचा. देशभरातून हजारो तरुण, बहुतेक गोरे, यासाठी आले. साठच्या दशकाच्या अखेरीस पँथरांनी चालवलेल्या मुलांच्या न्याहरीची आणि दवाखान्यांची घडी इथे उपयोगी पडली. संघटनेत वर्णभेद, स्त्रियांची सुरक्षितता आणि हुकूम कोणाचा यांवरून वाद झाले. तिच्या नेतृत्वातील एकजण पुढे एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेचा खबऱ्या झाल्याचे २००८ अखेर उघड झाले. दवाखाना मात्र संघटनेपासून स्वतंत्र होऊन वर्षानुवर्षे चालला.

व्हर्साय : शहराच्या पूर्व टोकाला ‘व्हर्साय’ म्हणून ओळखली जाणारी व्हिएतनामी कॅथलिकांची वस्ती आहे. यांतील बरेचजण मूळचे उत्तर व्हिएतनाममधील. १९५४ मध्ये ते दक्षिणेत पळाले, १९७५ मध्ये अमेरिकेत आले, आणि २००५ मध्ये तिसऱ्यांदा विस्थापित झाले. ‘मेरी क्वीन ऑफ व्हिएतनाम’ चर्चचे धर्मगुरू व्हिएन द गुयेन आश्रय-छावण्यांतून आपल्या लोकांना शोधत हिंडले. ऑक्टोबरात चर्चमध्ये पुन्हा प्रार्थना सुरू झाली. ग्राहक परतल्याशिवाय वीज जोडणे परवडत नाही आणि विजेशिवाय ग्राहक परतत नाहीत, हा पेच धर्मगुरूंनी परतणाऱ्या कुटुंबांची यादीच वीज कंपनीपुढे ठेवून सोडवला. जानेवारी २००६ मध्ये महापौरांच्या आयोगाने सखल वस्त्यांच्या जागी हिरवे ठिपके, म्हणजे मोकळी मैदाने, दाखवणारा नकाशा सुचवला तेव्हा व्हर्सायमध्ये घरांची डागडुजी आधीच चालू झाली होती. त्याच वर्षी वस्तीजवळ वादळाच्या राडारोड्याचे आवार उघडले, तेव्हा आजीआजोबा फलक घेऊन रस्त्यावर उतरले आणि ऑगस्टमध्ये ते बंद झाले. दोन वर्षांत वस्तीतील बहुसंख्य लोक परतले होते. तितकेच पाणी पाहिलेल्या इतर अनेक वस्त्यांना हे जमले नाही.

मर्यादा : लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये शेजारधर्म कमी नव्हता. तिथे घरे पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबात होती, आणि म्हणूनच अनेकांच्या नावावर कागद नव्हता. कागद नाही म्हणून पुनर्बांधणीचे सरकारी अनुदान नाही. शिवाय अनुदान घराच्या बाजारभावावर ठरत असल्याने गरीब वस्तीतल्या त्याच आकाराच्या घराला कमी पैसे मिळत. २००० मध्ये सुमारे १४,००० लोकसंख्या असलेल्या या भागात २०१० च्या जनगणनेत ३,००० सुद्धा लोक नव्हते. पूर्ण शहराची लोकसंख्या याच दशकात ४,८४,६७४ वरून ३,४३,८२९ वर आली. स्वयंसेवक भिंती सोलून देऊ शकले; मालकीहक्काचा दाखला देणे त्यांच्या हाती नव्हते. लोकसाहाय्याच्या कौतुकाचा आधार घेऊन शासनाने आपली जबाबदारी झटकू नये, असा इशारा खुद्द या चळवळींतील लोकच देतात आणि तो रास्त आहे.

उत्तरकाळ : ऑगस्ट २०१६ मधील लुइझियानाचा पूर आणि २०१७ मधील हार्वी वादळाने बुडालेले ह्यूस्टन या दोन्ही प्रसंगी केजन नाववाले पुन्हा उतरले. आता हाती भ्रमणध्वनी होता आणि वॉकीटॉकीसारखे चालणारे झेलो हे ॲप. ह्यूस्टनमध्ये तर स्थानिक प्रशासनानेच नावा घेऊन या असे जाहीर आवाहन केले. ‘केजन नेव्ही’ नाव लावणाऱ्या अनेक संस्था निघाल्या आणि देणग्या व श्रेय यांवरून त्यांच्यात खटकेही उडाले.

२९ ऑगस्ट २०२१ रोजी, कॅटरिनाच्या सोळाव्या वर्षदिनी, आयडा हे चक्रीवादळ लुइझियानाच्या किनाऱ्याला धडकले. मधल्या काळात अब्जावधी डॉलर खर्चून बांधलेल्या भिंतींनी न्यू ऑर्लिन्सला पुरापासून वाचवले. पण शहराला वीज आणणाऱ्या आठही मुख्य वाहिन्या बंद पडल्या, आणि नंतरच्या दिवसांत उकाड्याने माणसे दगावली, त्यांत वृद्ध अधिक. त्यातून ‘टुगेदर न्यू ऑर्लिन्स’ या चर्च व नागरी संस्थांच्या आघाडीने ‘कम्युनिटी लाइटहाउस’ योजना हाती घेतली. चर्च व वस्तीकेंद्रांच्या छपरांवर सौर पॅनेल आणि आत मोठ्या बॅटऱ्या बसवायच्या. वीज गेली की तिथे थंड हवा, फोनचे चार्जिंग आणि औषधे ठेवायला शीतकपाट मिळावे, अशी सोय. प्रत्येक केंद्राच्या स्वयंसेवकांकडे भोवतालच्या गल्ल्या वाटून दिलेल्या असतात. ऑक्सिजनवर कोण आहे, एकटे कोण राहते, जिना कोणाला उतरवत नाही, याची माहिती वादळाच्या हंगामाआधी घरोघर फिरून घ्यायची, असे या योजनेचे धोरण आहे.