चालणं बघायला आपण कसे शिकलो?

पालेगावच्या माझ्या दवाखान्यात मागच्या वर्षी एक कॉलेजचा मुलगा तापासाठी आला होता. तो अ‍ॅनिमेशन शिकतो. औषधं लिहून झाल्यावर त्याने मोबाइल पुढे केला. "डॉक्टर, माझा हा माणूस चालतोय, पण खरा वाटत नाही. काय चुकतंय तेच कळत नाही." मी पाहिलं. चित्रातल्या माणसाचं डोकं सरळ रेषेत सरकत होतं, पावलं जमिनीवरून घसरत होती आणि हात अंगाला चिकटलेले होते. मी म्हटलं, "अरे, हा तर माझा पेशंट वाटतोय!"

तो हसला, पण त्याची अडचण खरी होती. वर्षाच्या आसपास आपण चालायला लागतो आणि मग चालण्याकडे बघणंच सोडून देतो. चुकीची चाल डोळ्याला लगेच खटकते, पण नक्की काय चुकलं ते सांगता येत नाही. ते सांगता यावं म्हणून गेली दोनशे वर्षं डॉक्टर, शास्त्रज्ञ, फोटोग्राफर आणि चित्रकार धडपडत आले आहेत.

नुसत्या डोळ्यांनी

१८१७ साली लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी कंपवातावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात सहाच रुग्ण आहेत आणि त्यांतले काही तर त्यांना रस्त्यावर दिसलेले. पुढे झुकलेलं शरीर आणि घाईघाईने पडणारी पावलं त्यांनी केवळ बघून टिपली. त्या आजाराला आज त्यांचंच नाव आहे.

१८३६ मध्ये जर्मनीतल्या वेबर बंधूंनी चालण्यावर पुस्तक लिहिलं. उचललेला पाय घड्याळाच्या लंबकासारखा आपोआप पुढे झुलतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हे अर्धंच खरं होतं. झुलत्या पायातही स्नायू काम करतात, हे शतकाच्या शेवटी लाइपझिगच्या ब्राउने आणि फिशर यांनी फोटोंवरून गणित मांडून दाखवलं.

कॅमेऱ्याच्या मदतीने

१८७८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून धावणारा घोडा टिपला. धावताना एका क्षणी घोड्याचे चारही पाय हवेत असतात, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. त्याआधीचे कितीतरी मोठे चित्रकार घोडा चुकीचा काढत होते! पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी माणसांच्या हालचाली टिपल्या. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. फ्रान्सिस डर्कम यांनी तिथे आपले रुग्णही त्यांच्या कॅमेऱ्यासमोर चालवले. हा संग्रह १८८७ मध्ये ७८१ पानी चित्रांसह प्रसिद्ध झाला. अ‍ॅनिमेशनचे विद्यार्थी आजही तो उघडून बसतात.

फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे हे शिक्षणाने डॉक्टरच. त्यांनी माणसाला काळे कपडे घालून हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि एकाच काचेवर लागोपाठ फोटो घेतले. माणूस नाहीसा झाला, नुसती चाल रेषांमध्ये उरली.

मुंबईत

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्येच 'आगकाड्यांची मौज'मध्ये एकेक चित्र घेत काड्या हलवून दाखवल्या. पण काडीला गुडघा नसतो. सजीवाची हालचाल काढण्याचं रीतसर शिक्षण सुरू झालं ते १९५६ मध्ये, मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग निघाला तेव्हा. भारतातच जन्मलेले आणि डिस्ने स्टुडिओत 'बँबी'सारख्या चित्रपटांवर काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. राम मोहन त्या पहिल्या तुकडीतले. १९५७ चा 'द बनियन डिअर' ही जातककथेवरची फिल्म त्याच विभागाची.

चालण्याचा हिशेब

सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं लागतात. साधारण चालीत एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं, म्हणजे १२ चित्रांचं. नवशिक्याला त्यातल्या चार जागा आधी काढायला सांगतात: पुढची टाच टेकते, गुडघा वाकून वजन त्या पायावर येतं, दुसरा पाय शेजारून पुढे जातो आणि शरीर पुढच्या पावलासाठी उंचावतं. त्यामुळे डोकं प्रत्येक पावलाला थोडं खालीवर होतं. उजवा पाय पुढे तेव्हा डावा हात पुढे.

आम्ही डॉक्टर हेच बघतो. टाचेऐवजी पंजा आधी आपटत असेल, तर पाय वर उचलणारे स्नायू किंवा त्यांची नस कमजोर असू शकते. एका पायावर वजन येताच दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडत असेल, तर खुब्याचे स्नायू तपासावे लागतात. पावलं फाकवून, तोल सावरत चालणं मेंदूकडे किंवा पायांच्या नसांकडे बोट दाखवतं.

मी त्या मुलाला सांगितलं, घरातल्या कुणाला तरी चालताना शूट कर आणि एकेक चित्र थांबवून बघ. महिन्याभराने तो आजोबांचा व्हिडिओ घेऊन आला. "डॉक्टर, आजोबांचा उजवा हात हलतच नाही. मीच चुकीचं बघतोय का?" तो बरोबर बघत होता. आजोबांना कंप नव्हता, त्यामुळे घरात कुणाला शंकाही आली नव्हती. तपासणीनंतर मी त्यांना न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. पार्किन्सनची सुरुवात होती. आज औषधं आणि व्यायाम चालू आहेत आणि ते रोज फिरायला जातात. (ही हकिकत घरच्यांच्या परवानगीने लिहिली आहे.)

एक हात हलला नाही म्हणजे पार्किन्सनच, असं समजू नका. दुखरा खांदाही हात धरून ठेवतो. पण घरातल्या वडीलधाऱ्यांची चाल काही महिन्यांत बदलली असेल, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. समोरून आणि बाजूने अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात पेशंट जपून चालतो, घरातली चाल खरी असते.

मात्र चाल अचानक बिघडली, एक पाय ओढला जाऊ लागला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर व्हिडिओ काढत बसू नका. तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून तडक मोठ्या हॉस्पिटलात न्या.