तळटीप : गंधक कमी, ॲक्सिलरेटर जास्त

* सातपूरला सीएटचा टायर कारखाना. शेजारच्या वाहनउद्योगाला इंजिन माउंटिंग, बुश, होज लागतात. या सगळ्यांना एकच क्युअर, म्हणजे रबर तापवून पक्के करण्याची एकच कृती, चालत नाही. नैसर्गिक रबराच्या १०० भागांना गंधक साधारण २ ते ३.५ आणि क्युअरचा वेग वाढवणारा ॲक्सिलरेटर १ भागाच्या आसपास घेतला, तर रबराच्या साखळ्यांमध्ये गंधकाच्या अनेक अणूंचे लांब पूल बनतात. असा माल वारंवार वाकूनही लवकर चिरत नाही. उष्णतेत मात्र पूल तुटतात, रबर मऊ पडते. गंधक अर्ध्या भागावर आणून ॲक्सिलरेटर २ ते ५ भाग घातला, की एक-दोन अणूंचे आखूड पूल बनतात. ते उष्णता सोसतात. माउंटिंगला दोन्ही गुण हवेत, म्हणून तिथे बहुधा मधले प्रमाण योग्य. रेडिएटरच्या ईपीडीएम रबराच्या होजला गंधकाऐवजी पेरॉक्साइडचा क्युअर उत्तम.

लेखकाने न सांगितलेली एक गोष्ट : टीएमटीडी या ॲक्सिलरेटरपासून क्युअरिंगच्या वेळी कर्करोगकारक मानले जाणारे नायट्रोसामाइन तयार होते, आणि प्रेस उघडताच निघणारा धूर थेट कामगाराच्या नाकातोंडात जातो. टीबीझेडटीडी या दुसऱ्या ॲक्सिलरेटरपासून बनणारे नायट्रोसामाइन कर्करोगकारक मानले जात नाही. टीबीझेडटीडी महाग पडते, तरी तेच वापरावे. — संपादक